पहिले निवासी क्रीडा शिबिर : पिशवी भरण्याआधी मुलीला मागायला शिकवा

अमळनेर तालुक्यातील एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची अकरा वर्षांची मुलगी शाळेच्या खो-खो संघात खेळते आणि आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) आठवड्यात नाशिकला होणाऱ्या दहा दिवसांच्या निवासी शिबिरासाठी तिचे नाव गेले आहे. आईला सोडून ती आजवर एकटी कुठे राहिलेली नाही. आजी म्हणतात, "पोर एकली कशी ऱ्हाई?" वडिलांनी मुलीला सांगून टाकले आहे की करमले नाही तर एक फोन कर, लगेच घ्यायला येतो. पाठवावे की नाही, पाठवायचे तर तयारी काय करावी आणि सोबत मोबाइल द्यावा का, असे ताईंनी विचारले आहे.

मुलीला स्वतःला जायचे असेल तर अवश्य पाठवा. अकरावे वर्ष यासाठी लहान नाही. मात्र "तुला जायचे आहे का?" हा प्रश्न तिला एकटीला, वडील आणि सर समोर नसताना, निदान दोनदा विचारा. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी तो जिंकला, तेव्हापासून महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे हे नाव मैदानावरच्या मुलींच्या तोंडी असते. ती महाराष्ट्राची आहे, याचे त्यांना फार अप्रूप आहे. या उत्साहात पुष्कळदा मुलीपेक्षा पालकच शिबिराला निघालेले असतात. घरात नुकताच कोणाचा मृत्यू झाला असेल, मुलगी मोठ्या आजारातून उठली असेल किंवा ती स्पष्टपणे नाही म्हणत असेल, तर या वर्षी थांबावे. पुढच्या मे महिन्यातही शिबिरे होतील.

क्रीडाशिक्षक म्हणून काम करताना आणि पुढे उन्हाळी शिबिरांची व्यवस्था पाहताना माझे एक मत पक्के झाले आहे. शिबिरात त्रास होणारे मूल बहुधा कमजोर नसते, ते सांगत नसते. आपल्याकडे मुलांना लहानपणापासून वळण लावले जाते की दुसऱ्याच्या घरी काही मागू नये, ताटात पडेल ते मुकाट्याने खावे आणि कोणी आग्रह केला तरी आधी "नको" म्हणावे. पाहुणे म्हणून गेल्यावर हे वळण शोभून दिसते. शिबिरात मात्र याच वळणामुळे मूल तहानलेले राहते, अर्धपोटी झोपते, टाचेचा फोड लपवते आणि रात्री पांघरुणात तोंड घालून रडते. शिबिरातील मोठी माणसे वाईट असतात असे नाही, पण साठ-सत्तर मुलांमागे पाच-सहा शिक्षक असतील तर न सांगणाऱ्या मुलाचे दुखणे त्यांना दिसणार कसे? म्हणून तुमच्या हातात महिनाभर असेल तर त्यातला मोठा भाग मुलीला अनोळखी मोठ्या माणसाकडे जाऊन आपली गरज एका वाक्यात सांगायला शिकवण्यात घालवा.

एक प्रसंग सांगतो. एका शिबिरात पारोळ्याकडची एक चपळ मुलगी होती. सकाळचे सत्र संपता संपता ती मैदानाच्या कडेला बसली, डोके धरले आणि उलटी केली. चौकशी केली तेव्हा कळले की तिची पाण्याची बाटली खोलीत राहिली होती आणि खोलीला कुलूप होते. किल्ली असलेल्या मॅडम दहा पावलांवर उभ्या होत्या. मैदानाच्या टोकाला पाण्याची टाकी होती, पण तिथे मोठी मुले पाणी पीत होती, म्हणून ती गेली नाही. सकाळी साडेपाचपासून साडेआठपर्यंत एक घोट पाणी न पिता ती पळत होती. सावलीत निजवून, ओल्या फडक्याने अंग पुसून आणि ओआरएसचे पाणी घोट घोट पाजल्यावर तासाभरात तिला बरे वाटले. "मॅडम, बाटली आत राहिली, किल्ली द्या" हे एवढे वाक्य तिला घरून शिकवलेले नव्हते.

हे शिकवायला वेगळा तास लागत नाही. किराणा दुकानात तिला एकटीला पाठवा आणि परत दिलेले पैसे कमी असतील तर तिथेच विचारायला लावा. एसटीत "पुढचा थांबा कोणता?" हे कंडक्टरला तिनेच विचारावे. लग्नाच्या पंगतीत तिला आणखी भात हवा असेल तर तुम्ही वाढप्याला हाक मारू नका, तिला मारू द्या. दवाखान्यात डॉक्टरांनी "काय होतंय?" असे विचारले की आपल्याकडे आईच बोलायला लागते, त्या वेळी तोंड बंद ठेवा आणि दुखते कुठे, कधीपासून, हे मुलीला सांगू द्या. पहिल्यांदा ती तुमच्या पदराआड जाईल. चौथ्या-पाचव्या वेळी तिचा आवाज फुटेल.

दुसरा सराव रात्रीचा. मामाच्या गावी ती दर सुट्टीत राहते असे तुम्ही लिहिले आहे, पण तिथे तुम्ही सोबत असता, त्यामुळे तो सराव धरता येत नाही. यंदा आखाजी तुमच्या मदतीला आली आहे. सणाला मुलीची आत्या माहेरी येईल, झोके होतील, गाणी होतील आणि दोन-चार दिवसांनी ती आपल्या सासरी परत निघेल. त्या वेळी मुलीला आत्यासोबत पाठवा आणि तीन रात्री तिथे राहू द्या. आत्याला आधीच सांगून ठेवा की हिचे कपडे हिने धुवावेत, अंथरूण हिने घालावे आणि हिच्यासमोर आम्हाला सारखा फोन लावू नये. शिबिराच्या तोंडावर हा सराव झाला तर पहिल्या रात्री छातीत जे दाटून येते ते तिच्या ओळखीचे होते, आणि सकाळी ते ओसरते हेही तिला अनुभवाने कळलेले असते.

आता तिच्या वडिलांनी दिलेल्या शब्दाविषयी. "करमले नाही तर लगेच घ्यायला येतो" हे मायेपोटी बोलले जाते, पण त्यातून मुलीला दोन गोष्टी ऐकू येतात. तिला वाटते की आपल्याला करमणार नाही असे बाबांनाही वाटते आहे, आणि करमले नाही तर त्यावर घरी जाणे हा एकच उपाय आहे. मग पहिल्या संध्याकाळी थोडे उदास वाटले की ती त्यातून वाट काढण्याऐवजी फोन कधी मिळेल याची वाट पाहत बसते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात २००७ मध्ये ख्रिस्तोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन यांचा घरच्या ओढीवर एक अहवाल प्रसिद्ध झाला. जाण्याच्या निर्णयात मुलाला सामील करून घ्यावे, आधी घराबाहेर राहण्याचा सराव द्यावा आणि लवकर घरी आणण्याचे वचन मात्र देऊ नये, असा सल्ला त्यात दिला आहे. तो अहवाल तिकडच्या उन्हाळी शिबिरांच्या अनुभवावर आधारलेला आहे, पण आमच्या मैदानांवरही मी हेच पाहत आलो आहे.

दिलेला शब्द आता मागे कसा घ्यावा? वडिलांनीच तिला जवळ बसवून स्पष्ट सांगावे: "तुला एखाद्या संध्याकाळी घरची आठवण येईल, रडूही येईल, ते सगळ्यांना होते. तेव्हा मॅडमना सांगायचे, त्या तुझ्याशी बोलतील. तू आजारी पडलीस, तुला लागले किंवा कोणी तुला त्रास दिला, तर आम्ही रात्रीसुद्धा निघून येऊ. बाकी दहाव्या दिवशी दुपारी आम्ही फाटकाशी उभे असू." यातला फरक अकरा वर्षांच्या मुलीला नीट कळतो. खोटे वचन मात्र देऊ नका. रविवारी भेटायला येणे शिबिराच्या नियमात बसत नसेल तर "रविवारी येते हं" असे सांगून तिला गाडीत बसवू नका.

करमत नाही ही भावना खेळताना येत नाही. ती येते दुपारच्या विश्रांतीत आणि रात्रीच्या जेवणानंतर दिवे मालवेपर्यंतच्या तासाभरात, आणि बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिचा जोर जास्त असतो. त्या रिकाम्या वेळेसाठी तिला हाताला काहीतरी द्या: एक वही, रंगीत पेन्सिली, पत्त्यांचा जोड, गजगे (सागरगोटे). पत्ते आणि गजग्यांचा फायदा असा की ते एकटीला खेळता येत नाहीत, शेजारच्या गादीवरच्या मुलीला हाक मारावीच लागते. तुमच्या हाताने लिहिलेली एक चिठ्ठी वहीत ठेवलीत तर चालेल, पण तिच्यात "तुझ्यावाचून घर सुने झाले" असे लिहू नका. गायीला वासरू झाले, गच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घातल्या, कैरीचे लोणचे तुझ्यासाठी वेगळे काढले आहे, असे साधे लिहा.

मोबाइल देऊ नका. चार्जर कोणाचा, तो हरवला कसा, रात्री व्हिडिओ कोण पाहत होते, या भांडणांत शिबिराचा निम्मा जीव जातो. बहुतेक ठिकाणी ठरावीक वेळी शिक्षकांच्या फोनवरून बोलू देतात. त्या दोन-चार मिनिटांत "करमते का गं? जेवलीस का? रडत तर नाहीस ना?" असे विचारले की हसत आलेली मुलगीही रडत परत जाते. त्याऐवजी आज नवीन काय शिकवले, तुझ्या शेजारी कोण झोपते, खुंटावर सूर मारायला जमले का, हे विचारा. आजींना फोनवर बोलायचे असेल तर जरूर बोलू द्या, पण त्यांचा गळा दाटून येतो हे ठाऊक असेल तर फोन आधी त्यांच्याकडे द्या आणि शेवटी तुमच्याकडे घ्या, म्हणजे निरोप कोरड्या आवाजात होईल. मुलगी रडलीच तर "घाबरू नकोस, मॅडमना सांगितलेस का?" एवढे विचारून थांबा. फोन ठेवल्यावर शिक्षकांना स्वतंत्रपणे विचारा की ती दिवसभर कशी असते. फोनवर रडून पुढच्या क्षणी पंगतीत खिदळणारी कितीतरी मुले मी पाहिली आहेत, आणि फोनवर "छान आहे" म्हणून रात्रभर जागणारीही काही पाहिली आहेत. दोन-तीन दिवस सलग खात नसेल, झोपत नसेल, खेळातही लक्ष नसेल, तर तिला परत आणण्यात कमीपणा मानू नये.

शरीराच्या तयारीत पहिली गोष्ट बूट. नवा बूट शिबिराच्या आदल्या दिवशी घेऊन देणे ही पालकांची हौस मुलांच्या टाचांना भोवते. दुसऱ्या दिवशी फोड येतो, तिसऱ्या दिवशी फुटतो, चौथ्या दिवशी मोजा जखमेला चिकटतो, आणि मूल सांगत नाही, कारण सांगितले तर सर बसवून ठेवतील ही भीती असते. बूट निदान तीन आठवडे आधी घ्या, तिच्या मोज्यांसह वापरून बघा, आणि रोज तो घालून तिला पळू द्या. सुती मोजे चार-पाच जोड असावेत. टाच लाल होऊन चुरचुरू लागली की लगेच सांगायचे, तेव्हा चिकटपट्टीने काम भागते, फोड फुटल्यावर भागत नाही, हे तिला समजावून द्या.

खानदेशातल्या मे महिन्याविषयी तुम्हाला सांगायला नको. जळगाव-भुसावळकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. नाशिक त्या मानाने थंड आहे, तरी मैदानावर ऊन ते ऊनच. उन्हात व्यायाम करण्याची सवय शरीराला व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून सुट्टी लागल्यापासून कूलरपुढे लोळलेली मुलगी थेट शिबिरात तीन तास पळू लागली तर ती आडवी होणारच. रोज सकाळी सूर्य वर येण्याआधी अर्धा-पाऊण तास पळणे, दोरीवरच्या उड्या, वाकणे-उठणे इतके पुरे आहे. भर दुपारी सराव घेऊ नका. शिबिराच्या आठवडाभर आधी तिची झोपेची वेळ हळूहळू मागे आणा, कारण गच्चीवर बारापर्यंत गप्पा मारत जागलेल्या मुलीला पाचच्या शिट्टीला उठवणे म्हणजे शिक्षा होते. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यायचे, लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे, आणि डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे यांपैकी काहीही झाले तर खेळ थांबवून त्याच क्षणी सांगायचे, हे तिला पाठ असू द्या. ओआरएसची चार पाकिटे सोबत द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण तिला स्वतःला करून दाखवा.

जेवणाची अडचण आपल्या मुलांना हमखास येते. घरी शेवभाजी, भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्लेल्या जिभेला शिबिराची भाजी गोडसर आणि वरण पाणचट लागते. सकाळी पोहे, उपमा, इडली असे फिरते पदार्थ असतात. महिनाभर घरात आठवड्यातून तीन-चार वेळा कमी तिखटाचे जेवण करा आणि तिने ते कुरकुर न करता खावे असा आग्रह धरा. शेंगदाण्याची कोरडी चटणी एका लहान, घट्ट झाकणाच्या डब्यात देता येईल, तीही शिबिराने परवानगी दिली असेल तर. दहा दिवसांचे लाडू, शेव, चिवडा आणि बिबड्या भरून पाठवू नका. बिबड्यांचा तर पहिल्या दिवशीच पिशवीत भुगा होतो, मुंग्या गाद्यांवर चढतात, आणि मुलगी पोळी सोडून खाऊवर दिवस काढते. खेळणाऱ्या मुलीला घरच्यापेक्षा जास्त भूक लागते, म्हणून "अजून एक पोळी द्या" हे ताट पुढे करून मोठ्याने म्हणता आले पाहिजे. कमी खाणारी मुलगी संध्याकाळच्या सत्रात लगेच ओळखू येते, तिचे पाय उचलत नाहीत.

पिशवीबद्दल फार लिहीत नाही, शिबिराकडून यादी येतेच. पिशवी मात्र तिने स्वतः भरावी. आईने भरलेल्या पिशवीत टॉवेल कुठे आहे हे मुलीला माहीत नसते आणि पहिल्याच पहाटे सगळी पिशवी गादीवर उपडी होते. प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूस एकाच रंगाच्या दोऱ्याने दोन टाके घाला. सारखे गणवेश दोरीवर वाळत असताना हीच खूण उपयोगी पडते. नाशिकला पहाटे गारवा असतो, एक पातळ चादर अंगावर घ्यायला हवी. सोन्याचे कानातले, पैंजण आणि घड्याळ घरी ठेवा. पैसे थोडेच आणि सुट्ट्या नोटांत द्या. मोजे आणि आतले कपडे रोज स्वतः धुऊन पिळून वाळत घालण्याचा सराव आजपासून सुरू करा.

आईच्या लक्षात न येणारी एक गोष्ट म्हणजे केस. तुमच्या मुलीचे केस लांब असतील आणि रोज सकाळी तेल लावून दोन वेण्या तुम्ही घालत असाल, तर पाचच्या शिट्टीनंतर मैदानावर पोचायच्या वीस मिनिटांत हे काम कोण करणार? मुली एकमेकींच्या वेण्या घालतात हे खरे, पण पहिल्या दिवशी कोणाशी ओळख नसते. मी एका मुलीला हातात कंगवा आणि दोन रबरे घेऊन खोलीच्या दारात उभी राहिलेली पाहिले आहे. सगळ्या मैदानाकडे पळत होत्या आणि ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होती. स्वतःची एक घट्ट वेणी किंवा साधा अंबाडा तिला आरशाशिवाय घालता आला पाहिजे; नाही जमले तर केस खांद्यापर्यंत कापून घ्या, सुट्टीत वाढतील. जाण्याआधी डोक्यात उवा नाहीत ना हे बघून घ्या आणि नखे कापा.

अकराव्या वर्षी पाळी पहिल्यांदा शिबिरातच येऊ शकते. तिला हे काय असते ते आधी सांगा, पॅड कसे वापरायचे आणि कागदात गुंडाळून कुठे टाकायचे ते दाखवा, आणि पाच-सहा पॅड एका कापडी पिशवीत घालून द्या. घरात आजी चार दिवस बाजूला बसण्याची रीत पाळत असतील तर मुलीला स्पष्ट सांगून ठेवा की शिबिरात तसे काही नसते, बरे वाटत असेल तर खेळायला हरकत नाही, आणि पोटात दुखत असेल तर मॅडमना सांगून विश्रांती घ्यायची. हे न सांगितल्यामुळे दिवसभर खोलीच्या कोपऱ्यात बसून राहिलेल्या मुली असतात आणि त्यांना ताप आहे असे इतरांना वाटते.

अंथरुणात लघवी होण्याची सवय असेल तर पालक ती लपवतात. दहा वर्षांच्या मुलांतही साधारण वीसांत एकाला हा त्रास असतो, त्यात मुलाचा दोष नसतो आणि डॉक्टरांकडे त्यावर उपायही आहेत. शिबिराच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा आणि शिबिरप्रमुखांच्या कानावर एकट्याने घाला, म्हणजे रात्री हळूच उठवण्याची आणि मेणकापडाची सोय होते. न सांगता पाठवलेला एक मुलगा ओली चादर रोज पहाटे घडी घालून पिशवीच्या तळाशी दडवत होता. चौथ्या दिवशी वासावरून इतर मुलांना कळले, आणि त्यानंतर त्याचे जे झाले ते टाळता आले असते.

दमा, फिट, ॲलर्जी, हृदयाचा जुना त्रास यांबाबतही हेच. निवड रद्द होईल या भीतीने अर्जात "आजार नाही" असे लिहिणारे पालक दर वर्षी भेटतात. त्यांना मी इतकेच विचारतो, रात्री दोन वाजता मुलाला धाप लागली तर आम्ही काय समजायचे? औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, शिबिरप्रमुखांच्या हाती द्या. दम्याचा पंप मात्र मुलाच्या जवळच हवा. धनुर्वाताची लस झाली आहे का ते पाहा. राष्ट्रीय लसीकरणात टीडीचा (धनुर्वात व घटसर्पाच्या लसीचा) डोस दहाव्या वर्षी असतो. खो-खोत गुडघे-कोपरे खरचटणे रोजचेच आहे. गाडी लागत असेल तर धुळे-मालेगावमार्गे प्रवासाला निघण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, भरपेट जेवण टाळा आणि तिला पुढच्या आसनावर, रस्ता दिसेल असे बसवा.

सुरक्षिततेचे प्रश्न शिबिराला विचारताना संकोच करू नका. मुलींच्या खोल्यांत रात्री कोणती महिला शिक्षक झोपते, स्वच्छतागृहांना आतून कड्या आहेत का, जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, मुलीला न्यायला आलेल्या माणसाची खात्री कशी करतात, दुपारच्या उन्हात मैदान बंद असते का, हे लेखी विचारा. चांगल्या शिबिराला अशा प्रश्नांचा राग येत नाही, आणि जिथे येतो तिथे मी माझ्या नातीला पाठवणार नाही. मुलीशी बोलताना घाबरवू नका, पण नेमके सांगा. मैदानावर सर्वांसमोर सरांनी हात धरून पवित्रा दुरुस्त केला तर ते शिकवणे आहे. कोणी एकांतात बोलावले, मालिशच्या नावाखाली अंगाला हात लावला, किंवा "हे घरी सांगू नको" असे म्हटले, तर तिथून निघून यायचे आणि पहिल्या भेटेल त्या मॅडमना सांगायचे. ती व्यक्ती कितीही मोठी असली तरी आम्ही तुझ्यावरच विश्वास ठेवू, हे वाक्य तिने तुमच्या तोंडून ऐकलेले असले पाहिजे. अशा गुन्ह्यांसाठी २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा, कायदा आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक तिला तुमच्या फोन क्रमांकासोबत पाठ करायला लावा.

सोडायला जाल त्या दिवशी उजेडात पोचा. गादी तिने स्वतः घालावी, तुम्ही फक्त बघा. ज्या मॅडम रात्री सोबत असणार आहेत त्यांच्याकडे तिला न्या आणि तुम्ही काही बोलण्याआधी तिला एक प्रश्न विचारू द्या: "मॅडम, रात्री पाणी प्यायचे झाले तर कुठे जायचे?" हा एक प्रश्न तुमच्यासमोर विचारला गेला की पुढचे दहा प्रश्न तुमच्या माघारी विचारले जातात. मग पाठीवर हात फिरवा आणि निघा. फाटकाबाहेर तासभर रेंगाळणारे, झाडामागून डोकावणारे पालक मुलांना दिसतात आणि सावरलेले मूल पुन्हा कोसळते. आजींना सोबत आणायचे की नाही ते तुमच्या घरचे तुम्ही ठरवा. मला विचाराल तर त्यांनी घरीच तिच्या हातावर दही-साखर ठेवावी.

परत आल्यावर पहिले दोन दिवस ती खूप झोपेल, खूप खाईल आणि फारसे बोलणार नाही. निवड झाली का, पहिला नंबर कोणाचा आला, हे त्या दोन दिवसांत विचारू नका. पायांचे फोड आणि गुडघ्यांच्या जखमा बघा, आणि ताप दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा. पुढच्या वर्षी जायचे का, हे तिला शाळा सुरू झाल्यावर विचारा. थकवा उतरलेला असतो, मैत्रिणींची आठवण मात्र ताजी असते, त्यामुळे तेव्हाचे उत्तर जास्त खरे मिळते.